डबे टेकले की हरला

“डबे टेकले की हरला!” बसवंतअण्णांनी चौथ्यांदा पुकारा केला. एका हातात खारीचं ताट, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं आणि आवाज थेट कुस्तीच्या फडावरचा. “एकदा टेकला की संपलं. परत उचलायचं न्हाई, सबब सांगायची न्हाई. काय मॅडम, बरोबर?”

“बरोबर,” मी म्हणाले.

बेकरीच्या मागच्या परड्यात त्या रविवारी सकाळी साठ-सत्तर माणसं तरी जमली असतील. कुणी पोत्यांच्या थप्पीवर, कुणी उलट्या घातलेल्या ट्रेवर. दोन म्हाताऱ्या तर घरून खुर्च्या घेऊन आल्या होत्या. परड्याच्या मधोमध विटांचे दोन कमरेएवढे कट्टे बांधले होते. त्यांच्यामध्ये जमिनीवर जळण रचलं होतं आणि या कट्ट्यावरून त्या कट्ट्यावर तीन पैलवान आडवे टाकले होते.

पहिला सागवानी सोट, जुना, एका अंगानं काळा पडलेला. दुसरा लोखंडी अँगल, नवा कोरा, चंदेरी रंगात चमकणारा. तिसराही तसाच लोखंडी अँगल, पण त्याला जाळी गुंडाळून वरून दोन बोटं जाड सिमेंटचा गिलावा केलेला. तिघांनाही दोन्ही बाजूंना तारेनं डबे टांगले होते. वनस्पती तुपाचे रिकामे डबे, वाळूनं गच्च भरलेले, जमिनीपासून मोजून चार बोटं वर.

खाली जाळ करायचा आणि कुणाचे डबे आधी टेकतात ते बघायचं. एवढाच खेळ. पण त्या खेळावर माझी नोकरी आणि माझी मुलगी, दोन्ही लावून मी उभी होते.

मुलगी म्हणजे शालू. शाल्मली. तेव्हा ती अठरा महिन्यांची होती आणि मी तिला एक क्षणही नजरेआड केलेलं नव्हतं. यात अतिशयोक्ती नाही. मी अंघोळ करायची तेव्हा ती बाथरूमच्या दारात पाटावर बसलेली असायची. आई झाल्यापासून मला वर बघायची सवय लागली होती. कुठेही गेले की आधी छत बघायचं. पंख्याचा हूक, माळ्यावरचं सामान, भिंतीवरचं घड्याळ, जे जे पडू शकतं ते सगळं. मकरंद, माझा नवरा, लोकांना सांगायचा, “आमच्या घरी काळजीवाहू सरकार आहे. बहुमत नाही, पण हलत नाही.”

तर असंच वर बघितल्यामुळे हे सगळं झालं.

मी लग्नाआधीपासून तालुक्याच्या तंत्रनिकेतनात सिव्हिल शिकवत होते. शालूच्या वेळी रजा घेतली, मग ती वाढवली, मग पुन्हा वाढवली. शेवटी प्राचार्यांनी कळवलं, की जानेवारीच्या पहिल्या सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा भरतो. आणि त्याच महिन्यात बसवंतअण्णांच्या बायकोनं, गंगव्वाअक्कांनी, बेकरीच्या वरच्या मजल्यावर पाळणाघर काढायचं ठरवलं. साऱ्या गडहिंग्लजात मुलं सांभाळावीत तर अक्कांनी. रडणारं पोर त्यांच्या मांडीवर गेलं की गप्प, हे मी स्वतः पाहिलेलं. म्हणजे सगळं जुळून आलं होतं. मकरंद तर पेढे आणायच्या बेतात होता.

जागा बघायला आम्ही तिघं गेलो. छान जागा. भिंतींना पिवळा रंग, मोर, ससे, खिडक्यांना जाळ्या. “कशी काय?” अक्कांनी विचारलं.

“छान आहे हो,” मी म्हणाले. मग खाली उतरताना मी वर बघितलं.

खाली भट्टी. भट्टीपासून पाच पावलांवर जळणाची रास, शेजारी तुपाचे डबे. आणि डोक्यावर, पाळणाघराची सगळी जमीन तोलून धरणारे चौदा लोखंडी गर्डर आणि त्यांच्यावरचे अँगल. उघडे. नुसता चंदेरी रंग.

“अण्णा,” मी विचारलं, “इथं आधी लाकडी तुळया होत्या ना?”

“होत्या की! माझ्या बाच्या काळातल्या, सागवानी.” अण्णा खुशीत आले. “दोन वर्षांमागं इथं आग लागली. डबे पेटले, जळण पेटलं, तासभर नुसता जाळ. तुळया हे अशा काळ्याठिक्कर पडल्या. वर चाळीस पोती मैदा हुता, तेवढा वाचला. तवाच ठरवलं, लाकूड नको बाबा. लाकूड जळतंय. लोखंड कुठं जळतंय? काढल्या सगळ्या आणि दस्तगीरकडनं हे टाकून घेतलं. आता कितीबी आग लागू दे.”

मी हिशोब केला. तासभर आगीत उभ्या राहिलेल्या तुळया काढून, पंधरा मिनिटंही न टिकणारं लोखंड यांनी बसवलं होतं. आगीच्या भीतीनं.

“अण्णा, लोखंड जळत नाही. पण ते दमतं.”

“काय करतंय?”

“दमतं. तापलं की त्याची ताकद जाते. सहाशे डिग्रीला अर्धीसुद्धा उरत नाही. मग ते वाकतं. लाकूड वरून जळतं, पण त्या कोळशाच्या सालीआड आतलं लाकूड बराच वेळ शाबूत राहतं. या लोखंडाला गिलावा तरी करा. तोवर वर मुलं नकोत.”

अण्णांनी आधी मकरंदकडे पाहिलं, मग गर्डरकडे, आणि मग ते हसायला लागले. अंगात नसलेल्या सदऱ्याच्या बाह्या सारल्यासारखं करून त्यांनी गर्डरला विचारलं, “काय रं, दमलास काय? पाणी देऊ?”

दुसऱ्या दिवसापर्यंत हे गल्लीभर झालं. मी भाजी घ्यायला गेले की भाजीवाली तागडीचा दांडा दाखवून म्हणायची, “सावकाश वो, दमतंय.” रिक्षावाल्यानं चाकाला हात लावून “दमलास काय?” विचारलं. दस्तगीर, ज्यानं ते गर्डर बसवले होते, तो मात्र चिडून घरीच आला.

“मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, पण मी वीस वर्षं लोखंडात आहे,” तो उंबऱ्यातूनच म्हणाला. “लोखंड वितळायला पंधराशे डिग्री लागतात. बेकरीच्या आगीत कुठली आली पंधराशे डिग्री?”

“वितळायला पंधराशे, दस्तगीरभाई. वाकायला सहाशे पुरे. तुम्ही स्वतः रोज तापवून वाकवता की!”

“ते वेगळं,” तो लगेच म्हणाला. “ते आम्ही वाकवायचं म्हणून वाकवतो.”

आणि तसाच तरातरा निघून गेला.

घरात वेगळंच चाललं होतं. त्या संध्याकाळी मकरंद शालूच्या तोंडात घास कोंबत होता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “हेमा, एक विचारू? रागावू नको.”

“विचार.”

“गर्डर नसते तर काय काढलं असतंस? खिडक्या? जिना?”

“म्हणजे?”

“म्हणजे तुला शालूला कुणाकडे सोडायचंच नाहीये. तेवढं सरळ सांग ना. त्या लोखंडाला कशाला मध्ये घेतेस?”

मी ताट उचलून आत निघून गेले. इतका राग आला होता, की जाताना त्याच्या पानातली चपातीही उचलली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शालूला कडेवर घेऊन तडक बेकरीत गेले. दुकानात चांगली गर्दी होती. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “अण्णा, दाखवते. तुमचंच लाकूड, तुमचंच लोखंड. ज्याच्या जागी जे बसवलंत तेच समोरासमोर ठेवू आणि खाली जाळ घालू.”

अण्णा जातीचे शौकीन. त्यांचे डोळेच चमकले. “आणि तुम्ही हरलात तर?”

“तर सोमवारी शालूला गुपचूप वर आणून सोडते.”

“तेवढ्यानं भागायचं न्हाई. पाळणाघराच्या दारावर पाटी लावणार, ‘इंजिनियर मॅडमनी तपासले आहे’, खाली तुमची सही.”

“चालेल. आणि मी जिंकले तर चौदाच्या चौदा गर्डर आणि सगळे अँगल झाकायचे. ते होईपर्यंत वर एकही मूल नाही.”

“कबूल!” अण्णांनी गल्ल्यावर हात मारला. बरणीतली नानकटाई सगळ्यांना फुकट वाटली. जुन्या तुळया परड्यात भट्टीच्या जळणासाठी फोडून ठेवल्या होत्या. त्यातलाच एक सोट मी निवडला. दस्तगीरनं अँगलचे दोन तुकडे दिले. दिले म्हणजे फेकले. त्यातल्या एकाला गवंड्याकडून जाळी मारून गिलावा करून घेतला आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ जाऊन मी त्याला पाणी मारलं. तो गिलाव्याचा अँगल बघून अक्का म्हणाल्या, “पोरीला तीन झबली घालतीस, ते घालतीस. आता लोखंडालाबी स्वेटर?”

तर अशा रीतीनं आम्ही त्या परड्यात उभे होतो. उद्या सोमवार होता.

“वेळ कोण लावणार?” अण्णांनी विचारलं.

“मी,” मकरंद पुढे झाला. हायस्कूलात गणित शिकवणारा माणूस, त्याच्यावर कुणाचा अविश्वास नव्हता. माझ्याजवळून जाताना तो हळूच म्हणाला, “अजून वेळ आहे, सरकार. राजीनामा द्यायचा तर.”

“घड्याळ बघ,” मी म्हणाले.

दस्तगीरनं शेवटची हरकत घेतली. “हे बघा, लाकूड मनगटापेक्षा जाड आणि माझा अँगल बोटाएवढा बारीक. ही कुठली जोड?”

“बेकरीत तुम्ही हीच जोड बदललीत ना? हे काढून हे बसवलंत ना?”

“बसवलं की. पण...”

“मग जोड तुम्हीच लावलीय.”

लोक हसले. दस्तगीरनं नाक मुरडलं आणि स्वतःच्या अँगलची दोन्ही टोकं कट्ट्यात सिमेंट भरून घट्ट बसवली आहेत ना, ते तिसऱ्यांदा तपासलं. “इमारतीत हाय तसं पायजे,” तो म्हणाला. “पैलवानाला पाय रोवायला जागा नको काय?”

अण्णांनी नारळ फोडला. का, ते कुणी विचारलं नाही. मग काकडा पेटवून जळणात घातला. धूर थेट माझ्याकडे आला. मी शालूचं तोंड पदरानं झाकलं, मागे वळले आणि “जरा धरा हो” म्हणून तिला कुणाच्या तरी हातात दिलं, धूर जाईपर्यंत. मग पुन्हा पुढे आले.

दोन मिनिटांत लाकूड पेटलं.

पेटलं म्हणजे कसं, भडकलंच! ज्वाळा वर गेल्या, सागाचं तेल चरचरलं आणि परड्यात असा जल्लोष झाला, की शेजारच्या छपरावरची कबुतरं उडाली. अण्णा तर चक्क नाचले. “गेलं! गेलं! मॅडम, पाटीला रंग कुठला लावू?”

“निळा लावा,” मागून कुणीतरी ओरडलं. “सही उठून दिसती!”

लोखंड आपलं शांत. चंदेरी रंगाला फोड आले, तो पापडासारखा सुटला. बाकी काही नाही. दस्तगीर हाताची घडी घालून त्याच्याकडे असा बघत होता, जणू मुलगा बोर्डात आला आहे. “बघा, हाय का घाम तरी?”

“चार मिनिटं,” मकरंद म्हणाला.

पुस्तकात सगळं असतं, आलेख असतात, आकडे असतात. पण पुस्तकात दोन म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसलेल्या नसतात. मी पुढे सरकले, कपाळावर हाताची आड केली आणि त्या अँगलकडे बघत राहिले. गेली दीड वर्षं मी एका मुलीच्या श्वासाकडे जसं बघत होते, तसं.

म्हणून ती वीट मला दिसली.

डावीकडच्या कट्ट्यातली सगळ्यात वरची वीट, जिच्यात अँगलचं टोक रोवलं होतं, ती हलली होती. कितीशी? तांदळाच्या दाण्याएवढी. सिमेंटच्या सांध्यात केसासारखी फट पडली होती. मी बघता बघता तो तांदळाचा दाणा ज्वारीचा झाला.

“अण्णा! इकडे या. लवकर!”

“काय झालं?”

“ही वीट बघा. तुमचा पैलवान भिंत ढकलतोय.”

“कोण ढकलतंय? मी न्हाई हात लावला.”

“अँगल वाढतोय अण्णा, तापून लांब होतोय. जागा नाही म्हणून भिंतीला बाहेर रेटतोय. टोकं घट्ट रोवलीत ना तुम्ही!”

अण्णा वाकले. दस्तगीर वाकला. मग रांगेतले दहा जण वाकले. विटेतून कर्रर्र असा बारीक आवाज आला, एवढा बारीक, की तो ऐकायला सगळे आणखी खाली वाकले.

“सात मिनिटं,” मकरंदचा आवाज आता गणिताच्या तासासारखा राहिला नव्हता.

नवव्या मिनिटाला अँगल मधोमध काळपट लाल दिसायला लागला. भर उन्हात तो लाल रंग नीट दिसेना, म्हणून अण्णांनी उपरणं सोडून त्याची सावली धरली. शेजारी सागवान अजून धडधडून जळत होतं, कोळशाच्या भेगाभेगांतून जीभ काढत. त्याचे डबे मात्र होते तिथेच.

“आवो, डबे!” खुर्चीतली एक म्हातारी किंचाळली.

अँगलचे डबे तीन बोटांवर आले होते.

मग जे झालं ते मी शब्दांत कसं सांगू? काही तुटलं नाही, काही कोसळलं नाही. दुपारी जेवून पेपर वाचता वाचता माणूस आरामखुर्चीत जसा खाली सरकत जातो, तसा तो अँगल सरकायला लागला. अगदी आदबीनं. दोन बोटं. लोक ओरडायला लागले. कुणी कुणाच्या बाजूनं ओरडतंय ते कळेना. “ए, धर की! दम धर!” दस्तगीर अँगलला म्हणत होता. दीड बोट. अण्णा जमिनीवर आडवे झाले, गाल मातीला टेकवून डब्याखालचा उजेड बघायला. “हाय, अजून हाय! उजेड हाय!” ते खालूनच ओरडले. मीही ओरडत होते. काय ओरडत होते ते मकरंदनं नंतर सांगितलं: “चल, चल, चल, चल.” एक बोट. मी उड्या मारत होते. एका पायातली चप्पल कुठे गेली कोण जाणे. मी कुणाचा तरी दंड धरून हलवत होते, तो माणूसही मला हलवत होता. तो कोण होता हे मला अजून माहीत नाही.

ठक्.

डाव्या बाजूचे डबे टेकले. मग उजवीकडचे.

“बारा मिनिटं चाळीस सेकंद!” मकरंद ओरडला आणि त्यानं हात वर केले, जणू तोच जिंकला.

मग दस्तगीर हळूच उकिडवा बसला, मध्यात धनुष्यासारख्या झुकलेल्या त्या अँगलकडे त्यानं बराच वेळ पाहिलं आणि वळून म्हणाला, “दमला की वो मॅडम.”

आणि मग हसू फुटलं. असं हसू, की ते थांबवायला कुणालाच जमेना. अण्णा जमिनीवरून उठायचे विसरून तिथेच पडल्या पडल्या हसत होते. शिट्ट्या काय, टाळ्या काय! खारीचं ताट लवंडलं, कुणाला त्याची फिकीर नव्हती. “पाणी द्या त्याला!” “पंखा घाला!” “पैलवान, उठा, चा घ्या!”

“थांबा, थांबा,” मी हात वर करून ओरडले. “अजून दोन गडी उभे आहेत!”

जळण वाढवलं. वीस मिनिटं झाली, तीस झाली. गिलाव्यातून एकदा फट्ट करून कपचा उडाला आणि पहिली रांग दुसऱ्या रांगेच्या मांडीवर जाऊन बसली. पण डबे चार बोटांवरच. चाळिसाव्या मिनिटाला मी लाकडं बाहेर ओढायला लावली. अण्णांनी उचकटणीनं गिलावा फोडला. आतला अँगल सरळ, सुतासारखा. मग त्यांनी खुरपं घेतलं आणि सागवानाचा कोळसा खरवडला. काळे पापुद्रे पडले आणि आतून पिवळंधमक लाकूड निघालं, ताज्या सागाच्या वासाचं. अण्णांनी त्यावर नाक टेकवलं. त्यांचं हसू ओसरलं.

“बाच्या तुळया,” ते म्हणाले. “आणि मी भट्टीत घालाय फोडून ठेवल्या.”

मग त्यांनी खुरपं खाली ठेवलं आणि उपरण्यानं तोंड पुसलं. “बरं. चौदा गर्डर, सगळे अँगल. दस्तगीर, जाळी तुझी, गिलावा माझा. पंधरा दिस तर जातील. तवर वर पाळणाघर न्हाई. उद्यापासनं न्हाई. शब्द म्हंजे शब्द.”

उद्यापासून नाही.

मकरंदनं माझ्याकडे पाहिलं. आणि मला समजलं, की आता माझ्याकडे भक्कम कारण आहे. आगीत तपासून घेतलेलं. प्राचार्यांना कळवता येईल, पाळणाघर नाही, मी येऊ शकत नाही. कुणी माझ्याकडे बोट दाखवणार नाही. इतके दिवस मकरंदवर चिडले होते, पण त्याचं अर्धं खरं होतं. गर्डर धोक्याचे होते, आणि ते धोक्याचे निघाले याचा मला आतून आनंदही झाला होता. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं. नेहमीसारखं शालूला छातीशी घट्ट धरायला मी हात आवळले.

हात रिकामे होते.

शालू कुठंय?

“शालू?” मी गर्रकन वळले. “मकरंद, शालू कुणाकडे आहे?”

“तुझ्याकडे होती ना?”

“मी दिली कुणाकडे तरी. जरा धरा म्हणाले.”

“कुणाला?”

मला आठवेना. कितीही ताणलं तरी एक चेहरा आठवेना. धूर आठवला, वीट आठवली, डब्याखालचा उजेड आठवला. एक चप्पल पायात, एक नाही, अशी मी धावले. निखाऱ्यांशेजारून, भट्टीच्या खोलीतून, वरच्या त्या चौदा गर्डरांखालून, आणि आई झाल्यापासून पहिल्यांदा मी वर बघितलं नाही.

दुकानात गल्ल्याच्या मागे पोत्यावर गंगव्वाअक्का बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर शालू. पायात मोजे नाहीत, अंगात स्वेटर नाही, टोपडं वजनकाट्यावर. तिच्या हातात चहात बुडवलेलं बेकरीचं बटर होतं. चहात! ते ती पिळून पिळून खात होती. नाकापर्यंत माखलेली.

“अक्का...” मला धाप लागली होती. “स्वेटर?”

“काढला. घामाघूम झालं हुतं लेकरू.”

“कधीपासून आहे तुमच्याजवळ?”

“जाळ पेटला तवापासनं. माझ्या हातात कोंबलीस आणि पळालीस की! दोनदा हाक मारली तुला. तू कुठली ऐकतीस, तू उड्या मारत हुतीस.”

“रडली का?”

“कशाला रडती?” अक्कांना प्रश्नच कळला नाही.

चाळीस मिनिटं. मी हात पुढे केले. शालूनं माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली आणि बटर घेऊन अक्कांच्या कुशीत वळली. कामात होती ती.

मी तिथेच दुसऱ्या पोत्यावर बसले. मला रडायला येत होतं की हसायला, ठरत नव्हतं. तेवढ्यात आतून सगळी वरात आली: अण्णा, दस्तगीर, मकरंद, खुर्चीवाल्या म्हाताऱ्यांपैकी एक.

“सापडली?” मकरंदनं विचारलं. तोही पांढराफटक पडला होता.

“हरवली कवा हुती?” अक्का म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, “आणि हे बघ, वरचं हुईपर्यंत पोरं समोर माझ्या घरात. तिथं ना भट्टी, ना लोखंड. आणायची तर आण, न्हाईतर ऱ्हाऊ दे. तुझं तू बघ.”

मी काही बोलणार, तोच दस्तगीर घाईघाईनं पुढे आला. तापलेल्या जागी हात लागून त्याचं बोट भाजलं होतं, ते तो तोंडात घालत होता. आठवडाभर नाक मुरडणारा तो माणूस एकदम नरम झाला होता.

“मॅडम, एक विचारायचं हुतं. दोन शाळांच्या हॉलवर मीच लोखंड चढवलंय. आणि एका गोडाऊनवर. हे बघितल्यापासनं जिवाला घोर लागला. तुम्ही जरा येऊन बघता काय? लांब न्हाई. मंगळवारी?”

“मंगळवारी नाही हो जमणार,” मी पदरानं शालूचं नाक पुसत म्हणाले. “मंगळवारी मला वर्गावर सलग तीन तास आहेत. रविवारी येते.”

मी मान वर केली तर सगळे माझ्याकडेच बघत होते. मकरंदचं तोंड उघडं होतं.

“काय म्हणालीस?” त्यानं विचारलं.

मग कुठे मला ऐकू आलं, मी काय म्हणाले ते. काहीतरी सारवासारव करावी म्हणून मी तोंड उघडलं, आणि शालूनं तिच्या हातातलं चहानं थबथबलेलं बटर, अख्खंच्या अख्खं, माझ्या तोंडात कोंबलं.